सतरा जनुकांची तपासणी आणि जुनी सीआरपी

क्रोन्स डिसीजचं निदान पक्कं झालं की घरचे लोक डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. हा बरा होणार का, आणि पुढे किती त्रास देणार? पहिल्याचं उत्तर सगळ्यांना एकच मिळतं: आजार मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहू शकतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र डॉक्टर अडखळतात. एखाद्याला एकदा जोरात त्रास होतो आणि मग वर्षानुवर्षं त्याचं साध्या गोळ्यांवर भागतं. दुसऱ्याचं आतडं दोन-तीन वर्षांत आकसतं, फिस्टुला होतो (आतड्यातून भलतीकडे वाट फुटते), ऑपरेशनची पाळी येते. या दोघांचे पहिल्या कोलोनोस्कोपीचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तरी कोण कुठल्या वाटेने जाणार हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे उत्तर रक्तात सापडेल असं केंब्रिजमधल्या एका गटाला वाटत होतं, आणि तसं वाटायला त्यांच्याकडे भक्कम कारणं होती. त्यांनी रक्ताची तपासणी तयार केली. तिच्या आधारे उपचार ठरवता येतील का हे पाहायला ब्रिटनमधल्या ४० रुग्णालयांत 'प्रोफाइल' नावाची ट्रायल घेतली. २०२४ मध्ये तिचा निकाल 'लॅन्सेट गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी अँड हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात छापून आला. तपासणी साफ नापास झाली. तिच्याबरोबर जो उपचार तपासला जात होता तो मात्र इतक्या फरकाने पास झाला की तपासणीची बातमी त्याखाली झाकूनच गेली.

मी पॅथॉलॉजिस्ट. उपचाराची बातमी पोटविकारतज्ज्ञांनी साजरी करावी. मला त्या झाकल्या गेलेल्या अर्ध्या भागात जास्त रस आहे. चांगल्या विज्ञानातून निघालेली, आधीच्या अभ्यासांत दोनदा-तीनदा खरी ठरलेली तपासणी प्रत्यक्ष कामाला लावल्यावर का पडली? आणि त्याच ट्रायलमध्ये सगळं काम प्रत्यक्षात कुठल्या तपासण्यांनी केलं?

वाद कशावर होता

'आयबीडी' म्हणजे आतड्यांचा दीर्घकाळ चालणारा दाह. त्यात मुख्य आजार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, भिंतीच्या आरपार जातो आणि मधला भाग सोडून पुढे दुसरीकडे उगवतो. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी त्याचं वर्णन केलं. ('आयबीएस' हे प्रकरण वेगळं. त्यात पोट बिघडतं पण दाह नसतो. लोक दोन्हींची सर्रास गल्लत करतात, आणि सीआरपी, म्हणजे रक्तात दाह दाखवणारं एक प्रथिन मोजायची जुनी तपासणी, या दोघांना वेगळं करायला बऱ्यापैकी उपयोगी पडते.)

क्रोन्सचा उपचार वर्षानुवर्षं पायरी-पायरीने होत आला. आधी स्टेरॉइड. आजार पुन्हा उफाळला की स्टेरॉइड आणि सोबत अ‍ॅझाथायोप्रिनसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. तरीही उफाळला तर इन्फ्लिक्सिमॅब. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ नावाच्या दाहकारक प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला क्रोन्ससाठी परवानगी मिळाली. शिरेतून, किलोमागे ५ मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, नंतर दर आठ आठवड्यांनी.

दुसरा पक्ष म्हणत होता, उलटं करा. पहिल्यापासूनच इन्फ्लिक्सिमॅब आणि सोबत दुसरं औषध द्या, आतड्याला कायमची इजा व्हायची वाटच पाहू नका. २००८ मध्ये युरोपातल्या १३३ रुग्णांच्या ट्रायलमध्ये याला आधारही मिळाला होता: २६व्या आठवड्यात स्टेरॉइड आणि ऑपरेशनशिवाय आजार शांत असलेले ६० टक्के, पायरी-पायरीच्या गटात ३६ टक्के. तरी बहुतेक डॉक्टर कचरले. औषध महाग, जंतुसंसर्गाची भीती, आणि सर्वांत मोठी शंका अशी की ज्याचा आजार मुळात सौम्य निघणार आहे त्यालाही आपण विनाकारण जड औषध देऊन बसू. ही शंका रास्त होती. ती फेडायला हवी होती अशी तपासणी, जी पहिल्या दिवशीच सांगेल: याला जड औषध लागणार, याला नाही.

रक्तातली खूण

ही खूण आतड्याच्या आजारात सापडलेली नव्हती. केंब्रिजच्या केनेथ स्मिथ आणि पॉल लायन्स यांच्या गटाने २०१० मध्ये रक्तवाहिन्यांचा दाह आणि ल्युपस या आजारांत पाहिलं की रक्तातल्या सीडी८ टी-पेशींमध्ये (संसर्ग झालेल्या पेशींवर मारा करणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये) कुठली जनुकं चालू आहेत यावरून रुग्णांचे दोन गट पडतात. एका गटात आजार पुन्हा पुन्हा उलटतो, दुसऱ्यात बराच काळ शांत राहतो. २०११ मध्ये जेम्स ली आणि सहकाऱ्यांना हीच विभागणी क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्येही दिसली.

२०१५ मध्ये त्याच गटाने याचं कारणही मांडलं. दीर्घकाळ लढत राहिलेल्या सीडी८ पेशी थकतात, त्यांचा मारा बोथट होतो. विषाणूच्या संसर्गात हे वाईट, कारण विषाणू ठाण मांडतो. पण जिथे शरीर स्वतःवरच हल्ला करतं तिथे थकलेल्या पेशी म्हणजे सौम्य आजार. मला हे आजही सुंदर वाटतं. अंदाज आणि त्यामागची यंत्रणा दोन्ही हाती असणं रक्ततपासण्यांच्या जगात दुर्मीळ आहे.

अडचण व्यवहाराची होती. रक्तातून सीडी८ पेशी तेवढ्या वेगळ्या काढणं हे संशोधनशाळेचं काम. नमुना ताजा हवा, माणूस तरबेज हवा. रुग्णालयातल्या लॅबला ते झेपत नाही. म्हणून २०१९ मध्ये या गटाने सरळ संपूर्ण रक्तावर चालणारी आवृत्ती काढली. रक्त आरएनए टिकवणाऱ्या रसायनाच्या नळीत घ्यायचं, आरएनए काढायचं, त्याचं डीएनएत रूपांतर करून पीसीआरवर १७ जनुकं मोजायची. त्यातली १५ माहिती देणारी, २ फक्त मापाला आधार म्हणून. कोविडच्या काळात आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी जी मशिन्स बसली त्याच जातीचं हे काम. शेवटी रिपोर्टवर एकच उत्तर: 'हाय' किंवा 'लो'.

६९ नव्या रुग्णांवर तपासणी घडवली, आणि १२३ वेगळ्या रुग्णांवर पडताळली. 'हाय' निघालेल्या क्रोन्सच्या रुग्णांना औषध वाढवायची गरज पडण्याचा धोका 'लो'च्या २.६५ पट होता. एका कंपनीमार्फत ती बाजारातही आली. इथवरची गोष्ट वाचून कुणीही तपासणीच्या बाजूने पैज लावली असती. मीही लावली असती.

ट्रायल

केंब्रिजच्या माइल्स पार्क्स यांच्या नेतृत्वाखाली २९ डिसेंबर २०१७ ते ५ जानेवारी २०२२ या काळात ३८६ रुग्ण घेतले गेले. म्हणजे कोविडची दोन वर्षं मध्येच आली, तरी ट्रायल पुरी झाली. रुग्णांचं सरासरी वय ३३.६ वर्षं. निदान झाल्यापासून ट्रायलमध्ये नाव पडेपर्यंत मध्यक काळ फक्त १२ दिवस. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचं आहे.

दारातून आत यायच्या अटी तीन. पहिली लक्षणांची: हार्वे-ब्रॅडशॉ इंडेक्स ७ किंवा जास्त. हा इंडेक्स फार साधा आहे. तब्येत कशी वाटते, पोट किती दुखतं, काल किती वेळा पातळ संडास झाली, पोटात गोळा लागतो का, सांधे-डोळे-कातडीचे त्रास आहेत का. प्रत्येक पातळ संडासला एक गुण. दुसरी अट दाहाच्या खुणांची: रक्तातली सीआरपी सामान्य मर्यादेपेक्षा जास्त, किंवा शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातला दाह दाखवणारं प्रथिन) ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त, किंवा दोन्ही. तिसरी, एंडोस्कोपीत सक्रिय आजार दिसलेला असणं.

सगळ्यांची १७ जनुकांची तपासणी झाली. मग 'हाय' आणि 'लो' दोन्हींमधून निम्म्यांना पहिल्यापासून इन्फ्लिक्सिमॅब आणि सोबतचं औषध, निम्म्यांना पायरी-पायरीचा उपचार, तोही जुन्या संथ चालीचा नाही तर वेगाने चढणारा. रचनेतली हुशारी इथे आहे. सगळ्या 'हाय' लोकांना जड औषध आणि सगळ्या 'लो' लोकांना हलकं औषध दिलं असतं तर फरक औषधाचा की तपासणीचा हे कधीच कळलं नसतं. चारही जोड्या ठेवल्यामुळे थेट विचारता आलं: जड औषधाचा फायदा 'हाय'ला 'लो'पेक्षा जास्त होतो का?

यश म्हणजे सुरुवातीचा स्टेरॉइडचा कोर्स संपल्यापासून ४८व्या आठवड्यापर्यंत स्टेरॉइडशिवाय, ऑपरेशनशिवाय आजार शांत राहणं, आणि तेही दर भेटीला तपासून. आजार उफाळला असं म्हणायला नुसतं पोट दुखून चालत नव्हतं. इंडेक्स ७ किंवा जास्त आणि शिवाय सीआरपी किंवा कॅलप्रोटेक्टिन वाढलेलं, असं दोन्ही लागायचं.

निकाल

ज्यांची माहिती पूर्ण मिळाली अशा रुग्णांत पहिल्यापासून इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या १८९ पैकी १४९ जणांचा आजार वर्षभर शांत राहिला, म्हणजे ७९ टक्के. पायरी-पायरीच्या १९० पैकी २९ जणांचा, म्हणजे १५ टक्के. मधलं अंतर ६४ टक्के गुणांचं. क्रोन्सच्या ट्रायलमध्ये एवढी दरी दिसत नाही. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडला तरी लोक परिषदेत टाळ्या वाजवतात.

पोटाच्या ऑपरेशनची वेळ आलेली गुंतागुंत: एकीकडे १, दुसरीकडे १०. गंभीर दुष्परिणामांच्या घटना: १५ आणि ४२. जंतुसंसर्गाच्या ज्या भीतीने डॉक्टर कचरत होते ते गंभीर संसर्ग जड औषधाच्या गटात ३ आणि दुसऱ्या गटात ८. संख्याशास्त्राच्या भाषेत फरक नाही, पण निदान उलट्या बाजूचा तरी नक्कीच नाही. कारण शोधायला लांब जायला नको. ज्याचा आजार पुन्हा पुन्हा उफाळतो त्याला पुन्हा पुन्हा स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि धगधगतं आतडं स्वतःच संसर्गाला वाट करून देतं.

आता तपासणी. जड औषधाच्या फायद्यात 'हाय' आणि 'लो' यांच्यातला फरक: १ टक्के गुण. त्या अंदाजाची मर्यादा उणे १५ ते अधिक १५, पी-मूल्य ०.९४४. याहून स्वच्छ 'नाही' मिळणं कठीण. 'लो' निघालेले लोक, ज्यांचा आजार सौम्य राहील असं तपासणी सांगत होती, तेही पायरी-पायरीच्या उपचारात 'हाय'इतकेच कोसळले, आणि इन्फ्लिक्सिमॅबवर त्यांच्याइतकेच सावरले.

मग २.६५ पट कुठे गेलं?

आधीचे अभ्यास खोटे होते असं मी म्हणणार नाही. ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होते. 'याचा आजार पुढे जास्त त्रास देईल का' हा एक प्रश्न, आणि 'या औषधाचा याला त्याच्यापेक्षा जास्त फायदा होईल का' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' असूनही दुसऱ्याचं 'नाही' असू शकतं. सगळ्यांनाच भरपूर फायदा होत असेल तर निवड करणाऱ्या तपासणीला कामच उरत नाही. आपल्या व्यवसायात हा फरक नेहमी पुसट होतो. ब्रोशरवर पहिल्या प्रश्नाचा आलेख छापलेला असतो आणि विक्रेता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बोलून दाखवतो.

मोजमापही वेगळं होतं. पडताळणीच्या अभ्यासात पाहिलं होतं ते डॉक्टरांनी औषध कधी वाढवलं हे. डॉक्टर औषध वाढवतो तेव्हा त्यात रुग्णाची इच्छा, खर्च, त्या रुग्णालयाची रीत असं बरंच काही मिसळलेलं असतं. ट्रायलमध्ये मात्र ठरलेल्या भेटी, ठरलेल्या रेषा.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती दारावरची अट. लक्षणं जोरात, एंडोस्कोपीत जखमा, वर सीआरपी किंवा कॅलप्रोटेक्टिन चढलेलं असल्याशिवाय आत प्रवेशच नव्हता. ज्यांचा आजार खरोखर मवाळ होता त्यातले बरेच त्या दारातच गळले असणार. सतरा जनुकांनी जी चाळणी लावायची होती ती एका स्वस्त रक्ततपासणीने आणि एका शौचाच्या तपासणीने आधीच लावून टाकली होती. आत जे उरले ते सगळेच, 'हाय' असोत की 'लो', जड औषधाचे हक्कदार होते. हा माझा अर्थ आहे, ट्रायलने हे वेगळं तपासलेलं नाही. पण प्रवेशाला सीआरपी, आजार उफाळला का हे ठरवायला सीआरपी, शांत झाला का हे ठरवायला पुन्हा सीआरपी, असा हिशेब मांडला की या ट्रायलचा खरा कणा कुठला ते दिसतं.

सीआरपीचं काय, आणि कुठवर

सीआरपीचं वय तसं बरंच झालं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. आतड्यात दाह पेटला की इंटरल्युकिन-६ चा निरोप यकृताला जातो आणि यकृत हे प्रथिन तयार करू लागतं. सहा-आठ तासांत पातळी वर यायला लागते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते. तिचं अर्धायुष्य सुमारे १९ तासांचं आणि ते बहुतेक स्थितींत तेवढंच राहतं, त्यामुळे आजचा आकडा म्हणजे आज यकृत किती बनवतंय याचा जवळजवळ थेट हिशेब. ईएसआरचं, म्हणजे लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात हे मोजणाऱ्या तपासणीचं, तसं नाही. तिच्यात फायब्रिनोजेन, वय, रक्तक्षय सगळे हात घालतात, आणि आयबीडीच्या रुग्णांना रक्तक्षय असतोच. आजार ओसरला तरी ईएसआर आठवडे उलटेपर्यंत वरच घुटमळते. क्रोन्सच्या पाठपुराव्यासाठी दोन्हींतली एकच करायचे पैसे असतील तर सीआरपी करा.

मर्यादाही तितक्याच ठळक. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आतडं रक्ताळलेलं असतानाही सीआरपी नॉर्मल येते. दाह अस्तरापुरता असल्याने ती क्रोन्सइतकी चढत नाही. क्रोन्समध्येही काहींचं यकृत हे प्रथिन फारसं बनवतच नाही. म्हणून पहिल्या वेळी, आजार पेटलेला असताना, सीआरपी किती होती हा आकडा जपून ठेवायचा असतो. तेव्हा ६० होती आणि आता ४ आहे, याला अर्थ आहे. पेटलेल्या आजारातही ४ च होती, तर आत्ताच्या ४ ला काही किंमत नाही. त्या माणसाचा पाठपुरावा कॅलप्रोटेक्टिननेच करावा लागतो. आणि सीआरपी वाढली म्हणजे आतडंच पेटलं असंही नाही. दाढ सुजली, लघवीत संसर्ग झाला, साधा ताप आला तरी ती चढते.

आपल्याकडच्या रिपोर्टांत याहून जमिनीवरच्या भानगडी असतात. एक लॅब आकडा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये छापते, दुसरी डेसिलिटरमागे. १.२ आणि १२ हे एकाच रक्ताचे आकडे असू शकतात. रुग्ण पुण्यातला रिपोर्ट घेऊन गावी येतो, तिथल्या डॉक्टरांना वाटतं सीआरपी दहापट वाढली. दुसरं, एचएस-सीआरपी. प्रथिन तेच, पण ती पद्धत अगदी कमी पातळीसाठी, हृदयाच्या धोक्याच्या हिशेबासाठी. तिच्या रिपोर्टखाली छापलेली 'हाय रिस्क'ची रेषा आतड्याच्या रुग्णाला लावली की घरात उगाच घबराट होते.

तिसरी भानगड लेटेक्स स्लाइडची. लहान लॅबमध्ये अजूनही काळ्या स्लाइडवर सीरमचा एक थेंब, त्यावर पांढऱ्या रिएजंटचा एक थेंब, काडीने पसरून दोन मिनिटं स्लाइड हलवायची आणि दिव्याखाली बारीक दाणे दिसतात का बघायचं. दाणे दिसले की 'पॉझिटिव्ह', म्हणजे लिटरमागे साधारण ६ मिलिग्रॅमच्या वर. निदानाच्या पहिल्या दिवशी हे चालून जातं. पाठपुराव्याला ते निरुपयोगी. ८ आणि ८० दोन्ही तिथे 'पॉझिटिव्ह'च, आणि सीरम पातळ न करता टाकलं तर फार चढलेली सीआरपी क्वचित 'निगेटिव्ह'ही दिसते. उपचार चालू असलेल्या आयबीडीच्या रुग्णाने आकडा देणाऱ्या मशीनवरच सीआरपी करावी, शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये.

आकडा हाती असला की त्याचा उपयोग किती होतो याचाही पुरावा आहे. २०१७ च्या 'काम' (CALM) ट्रायलमध्ये क्रोन्सच्या २४४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटात डॉक्टर प्रामुख्याने लक्षणं पाहून औषध वाढवत. दुसऱ्यात लक्षणांबरोबर सीआरपी ५ किंवा जास्त, नाहीतर कॅलप्रोटेक्टिन २५० किंवा जास्त असेल तरी वाढवत, रुग्ण 'मी ठीक आहे' म्हणाला तरी. ४८ आठवड्यांनी आतड्याचं अस्तर भरून आलेले दुसऱ्या गटात ४६ टक्के, पहिल्यात ३० टक्के. नवं औषध नाही, नवी तपासणी नाही. जुन्या आकड्यांकडे वेळेवर पाहिलं एवढंच.

आपल्याकडे हा निकाल कसा घ्यायचा

आता त्या १२ दिवसांकडे. ब्रिटनमध्ये निदान झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत रुग्णांची नावं अशा ट्रायलमध्ये पडू शकली, कारण तिथे लहान आतड्याच्या शेवटी जखमा दिसल्या की पहिला विचार क्रोन्सचा येतो. आपल्याकडे पहिला विचार क्षयाचा येतो, आणि तो यायलाच हवा. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दोन्ही त्याच जागी बसतात. ताप, वजन घटणं, पोटदुखी, रक्तक्षय दोन्हींत. सीआरपी दोन्हींत वाढते. बायोप्सीत गाठी दोन्हींत मिळू शकतात. क्रोन्ससाठी पाश्चात्त्य पुस्तकांनी सुचवलेली यीस्टविरुद्धच्या प्रतिपिंडांची 'अ‍ॅस्का' ही रक्ततपासणी दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये दोन्ही आजारांत लावून पाहिली; तिला या दोघांतला फरक ओळखता आला नाही. तरीही आरोग्य तपासणीच्या काही पॅकेजांत ती 'आयबीडी प्रोफाइल' म्हणून आजही मिरवते. तिच्यावर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत.

त्यामुळे आपल्याकडे अनेक रुग्णांना आधी क्षयाची औषधं सुरू होतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एंडोस्कोपी करून जखमा भरल्या का ते पाहिलं जातं. क्षयाच्या औषधाने पोट थोडं बरं वाटणं क्रोन्समध्येही होतं, नुसत्या लक्षणांवर विश्वासून चालत नाही. जखमा तशाच, सीआरपी तशीच, तर क्षयाची औषधं ओढत न बसता निदान पुन्हा तपासायचं. प्रोफाइलचा निकाल इथे घाई करायला सांगतो तो एवढ्यासाठीच: खरा क्रोन्स असेल तर या वाट पाहण्यात गेलेले महिने महागात पडतात. पण तिथली ही घाई जशीच्या तशी उचलणं धोक्याचं. २००१ मध्येच अमेरिकेतून इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांतच क्षय उफाळला होता, आणि निम्म्याहून जास्त जणांत तो फुप्फुसाबाहेर होता. टीएनएफ हेच प्रथिन क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवतं. ते अडवलं की कोंडी फुटते.

सोबतच्या अ‍ॅझाथायोप्रिनबद्दलही एक गोष्ट. 'एनयूडीटी१५' या जनुकातला एक बदल आशियाई लोकांत युरोपीय लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो. तो असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसनेही धोकादायकरीत्या घसरतात. ही तपासणी रक्ताच्या एका नमुन्यावर आयुष्यात एकदाच करायची असते आणि तिच्या उत्तराने डोस खरोखर बदलतो. सतरा जनुकांच्या तपासणीला जे जमलं नाही ते इथे एका जनुकाला जमतं. ती करता आली नाही तर निदान पहिले काही आठवडे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वारंवार करावी.

उरले ते २९ जण, जे पायरी-पायरीच्या उपचारातही वर्षभर नीट राहिले. त्यांना पहिल्यापासून जड औषध दिलं असतं तर ते वायाच गेलं असतं. या पंधरा टक्क्यांना आधी ओळखणारी तपासणी अजून हवीच आहे, आणि जिथे औषध खिशातून विकत घ्यायचं असतं तिथे तर जास्तच हवी. पण ती घेऊन कुणी आलं तर मी त्याला धोक्याच्या पटींचा आलेख विचारणार नाही. चारही जोड्या ठेवून ट्रायल केली का, तेवढं विचारेन.

तोवर नव्या रुग्णाचं रक्त घेताना करण्यासारखं बरंच आहे. आकड्यातली सीआरपी, सीबीसी, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन), फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं), यकृताच्या तपासण्या, हेपटायटिस बी, एचआयव्ही, एनयूडीटी१५ आणि क्षयाचा संसर्ग हुडकणारी 'इग्रा' ही रक्ततपासणी. अल्ब्युमिन दाहात घसरतं, आणि फार घसरलेलं असेल तर इन्फ्लिक्सिमॅब शरीरात लवकर संपतं. फेरिटिन वाचताना सीआरपी शेजारी ठेवावी, कारण दाहात फेरिटिन खोटं वाढतं आणि लोह संपलेलं असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसतो. इग्रात रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशींनी नळीत इंटरफेरॉन तयार करावं लागतं, आणि स्टेरॉइड चालू असताना त्या पेशी गप्प बसतात. रिपोर्ट 'इनडिटरमिनेट' येतो आणि इन्फ्लिक्सिमॅब पुढे ढकलावं लागतं. म्हणून इग्राची नळी स्टेरॉइडची पहिली गोळी पोटात जाण्याआधी भरून घ्यावी.